प्रथिन पेलेटमध्ये का जातं?

मागच्या अंकात इन्क्लूजन बॉडीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे जिवाणूच्या पेशीत चुकीच्या घडीच्या प्रथिनाचे जे गठ्ठे साचतात त्यांच्याबद्दल. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की हे गठ्ठे तळाशी बसतात; तो साका म्हणजे पेलेट, आणि वर उरलेलं द्रव म्हणजे सुपरनॅटंट. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: प्रथिनांना घडी घालायला मदत करणारी शॅपरोन प्रथिनं पेशीत सोबत जास्तीची बनवून घेतली, तर आपलं प्रथिन विरघळलेल्या रूपात मिळेल का? हा महिना या पत्रांना देते.

प्रश्न : मॅडम, मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षयाच्या जंतूचं ४५ किलोडाल्टनचं एक एन्झाइम पीईटी-२८ए या वेक्टरमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडात, म्हणजे छोट्या गोल डीएनएत) क्लोन करून ई. कोलाय जिवाणूच्या बीएल-२१ (डीई-३) पी-लाइस-एस पेशींत बनवतेय. ३७ अंश, १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं चालू करणारं रसायन). सगळं प्रथिन पेलेटमध्ये जातं. शेजारच्या लॅबमधून ग्रोईएल हे शॅपरोन बनवणारं पी-ग्रो-७ प्लाझ्मिड मिळालं, ते त्याच पेशींत घातलं. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या प्लेटवर कॉलनी इतक्या आल्या की मोजता येईनात. पण अ‍ॅराबिनोज ही त्याला चालू करणारी साखर घालूनही काही फरक नाही, जेलवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या चाचणीत) ग्रोईएलचा बँडसुद्धा जाड दिसत नाही. लीक (आयपीटीजीआधीच प्रथिन बनू लागणं) थांबावी म्हणून मीडियात १ टक्का ग्लुकोज आहे. सर म्हणतात, शॅपरोनचा नाद सोड, वेक्टर बदल. काय करू? आणि प्रथिन क्षयजंतूचं आहे, तर ग्रोईएलही क्षयजंतूचंच घालावं का?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : वेक्टर इतक्यात बदलू नका. शॅपरोनचा उपयोग होतो की नाही हे ठरवण्याइतका प्रयोग अजून झालेलाच नाही, कारण तुमच्या पेशींत पी-ग्रो-७ बहुधा गेलेलं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट त्या मोजता न येणाऱ्या कॉलनी. पी-लाइस-एस हेही एक प्लाझ्मिडच आहे आणि क्लोरॅम्फेनिकॉलला पुरून उरणारं जनुक त्याच्यावर आधीपासून आहे. म्हणजे या पेशींत तुम्ही काहीही घातलं नसतं तरी त्या प्लेटवर त्या वाढणारच होत्या. खात्री करायची तर प्लाझ्मिड न घातलेल्या त्याच पेशी त्याच प्लेटवर पसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर समोर असेल. शिवाय दोन्ही प्लाझ्मिडांचा ओरिजिन (प्लाझ्मिडाची प्रत काढणं जिथून सुरू होतं ती जागा) एकाच घराण्यातला, पी-१५-ए. त्यामुळे पी-ग्रो-७ एखाद्या पेशीत शिरलं तरी दोघं एकत्र टिकत नाहीत, पिढ्यांमागून पिढ्यांत एक गळून जातं. दुर्मिळ कोडॉनसाठी जी रोझेटा स्ट्रेन वापरतात तिच्यातल्या प्लाझ्मिडाचंही असंच आहे. शॅपरोनची ही प्लाझ्मिडं साध्या बीएल-२१ (डीई-३) मध्येच घाला.

दुसरी अडचण ग्लुकोजची. पी-ग्रो-७ वरचं ग्रोईएल अ‍ॅराबिनोजच्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणाऱ्या कळीवर) चालतं, आणि ग्लुकोज शिल्लक असेपर्यंत ई. कोलाय अ‍ॅराबिनोजकडे ढुंकून बघत नाही. लीक थांबवायला घातलेल्या ग्लुकोजने शॅपरोनही थांबवले. प्लाझ्मिड नीट गेलं असतं तरी ग्रोईएलचा बँड जाड झाला नसता. ऑटो-इंडक्शन मीडियातही ग्लुकोज असतं, तिथेही हे ध्यानात ठेवा.

आता क्रम. आधी फक्त पी-ग्रो-७ साध्या बीएल-२१ (डीई-३) मध्ये घाला, क्लोरॅम्फेनिकॉलवर (मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम) निवडा, आणि त्या कॉलनीपासून कॉम्पिटंट पेशी (नवं प्लाझ्मिड आत घ्यायला तयार केलेल्या) बनवा. मग त्यांत तुमचं पीईटी-२८ए. पुढच्या प्रत्येक कल्चरमध्ये कॅनामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल दोन्ही. ग्लुकोज नाही. अ‍ॅराबिनोज (मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम) कल्चर लावतानाच घाला, आयपीटीजीसोबत नव्हे. पेशींची ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.५ च्या आसपास आली की फ्लास्क थंड करा, २० अंशांच्या शेकरवर आणा, मगच आयपीटीजी घाला आणि तोही ०.१ मिलिमोलर. रात्रभर ठेवा.

अ‍ॅराबिनोज आधी का, हे समजून घ्या, कारण निम्मा प्रयोग या क्रमात आहे. आयपीटीजी दिल्यावर टी-७ पॉलिमरेझ जागा होतो. तो जिवाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेझच्या कितीतरी पट वेगाने आरएनए काढतो आणि काही मिनिटांत सगळी रायबोसोम तुमच्या एका प्रथिनामागे लागतात. पेशीत मिलिलिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम इतकी मोठ्या रेणूंची दाटी असते. त्या दाटीत अर्धवट घडीच्या साखळ्यांचे उघडे, पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात. अशा साखळीला वेळेत धरायला ग्रोईएल तिथे हजर पाहिजे. एकदा गठ्ठा झाला की ग्रोईएल तो सोडवू शकत नाही. ते काम डीएनएके आणि क्लपबी हे दुसरे शॅपरोन मिळून करतात, आणि तेही सावकाश.

तापमान उतरवणं हे शॅपरोनइतकंच महत्त्वाचं, आणि फुकट आहे. म्हणूनच नियंत्रण-फ्लास्क नीट ठेवा. शॅपरोनचा फ्लास्क २० अंशांना आणि बिनशॅपरोनचा ३७ अंशांना अशी तुलना मी अनेक प्रबंधांत बघते आणि जीव हळहळतो. फरक कशाने पडला ते त्यातून कधीच कळत नाही. पी-ग्रो-७ असलेल्याच पेशी, त्याच तापमानाला, एका फ्लास्कमध्ये अ‍ॅराबिनोज आणि दुसऱ्यात नाही, बाकी सगळं सारखं: ही खरी तुलना.

पेशी फोडल्यावर सोनिकेशननंतरचं (ध्वनिलहरींनी फोडल्यानंतरचं) सगळं लायसेट, सुपरनॅटंट आणि पेलेट हे तिन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा. ग्रोईएल ५७ किलोडाल्टनचं आहे, जेलवर ६० च्या किंचित खाली दिसतं. पी-ग्रो-७ नीट काम करत असेल तर तो बँड शोधावा लागत नाही. सुपरनॅटंटच्या लेनमध्ये सगळ्यात जाड तोच असतो, आणि तुमचा ४५ चा बँड त्याच्यापासून सहज वेगळा ओळखू येईल. पेलेटकडेही नुसत्या डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या. इन्क्लूजन बॉडीचा पेलेट खडूसारखा पांढरा आणि घट्ट असतो, पिपेटच्या टोकाने हलवला तरी चटकन सुटत नाही. नुसत्या पेशींच्या अवशेषांचा पेलेट मातकट, बुळबुळीत आणि अर्धपारदर्शक. जेल डीस्टेन व्हायच्या आत तुम्हाला अर्धा निकाल ट्यूबमध्येच दिसेल.

ग्रोईएलने जमलं नाही तर दुसरे शॅपरोन बघा. तुमच्या हाती आलेलं प्लाझ्मिड पाच जणांच्या एका संचातलं आहे. हा संच जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी तयार केला. १९९८ साली त्यांनी तो ज्या प्रथिनावर वापरून दाखवला ते जपानी सीडर झाडाच्या परागातलं, वसंतात तिथल्या लोकांना शिंका आणणारं एक अ‍ॅलर्जन होतं. पी-केजेई-७ वर डीएनएके, डीएनएजे आणि जीआरपीई आहेत. पी-टीएफ-१६ वर ट्रिगर फॅक्टर, जो रायबोसोमच्या तोंडाशीच बसून बाहेर पडणाऱ्या साखळीला पहिला हात देतो. उरलेल्या दोन प्लाझ्मिडांवर यांच्या जोड्या आहेत. कोणत्या प्रथिनाला कोण लागू पडेल हे अमिनो आम्लांच्या क्रमावरून आधी सांगता येत नाही. पाचही लावून बघायचे, १० मिलिलिटरच्या छोट्या कल्चरमध्ये. सरांना सांगा, आठवड्याभराचं काम आहे.

क्षयजंतूच्या ग्रोईएलबद्दल. प्रश्न छान आहे आणि उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. क्षयजंतूत ग्रोईएलची दोन जनुकं आहेत. दुसऱ्या ग्रोईएलची स्फटिकरचना २००४ साली हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेतून शेखर मांडे यांच्या गटाने प्रसिद्ध केली. मांडे मूळचे नागपूरचे, पुढे पुण्यात एनसीसीएस या संशोधन संस्थेचे संचालक झाले. ई. कोलायच्या ग्रोईएलचे चौदा घटक दोन कड्यांत बसलेले असतात, ई. कोलायमध्ये बनवलेलं हे क्षयजंतूचं प्रथिन मात्र स्फटिकात नुसत्या जोडीने सापडलं, कडं बांधलेलंच नव्हतं. तेव्हा ते तुमच्या पेशींत घालून ओळखीच्या ग्रोईएलसारखं काम करेल असं धरून चालू नका. क्षयजंतूच्या प्रथिनाला त्याच्या घरचंच वातावरण हवं असेल तर मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या निरुपद्रवी भावंडात ते बनवणं जास्त शहाणपणाचं. फक्त एक सावधगिरी: स्मेग्मॅटिसच्या पहिल्या ग्रोईएलच्या शेपटाला हिस्टिडिन भरपूर आहेत, त्यामुळे ते निकेलच्या कॉलमला तुमच्या हिस-टॅगइतक्याच (शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या हिस्टिडिनच्या शेपटाइतक्याच) हौसेने चिकटतं. ते शेपूट कापलेली स्ट्रेन त्यासाठीच तयार केली गेली आहे.

प्रश्न : आमचं ग्रामीण भागातलं वरिष्ठ महाविद्यालय. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शॅपरोनचा संच विकत घेणं परवडत नाही. त्याशिवाय काही करता येईल का?
— प्राध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : येईल, आणि विद्यार्थ्यांना शिकायला ते जास्त चांगलं. ई. कोलायकडे हे सगळे शॅपरोन स्वतःचे आहेतच, त्यांना फक्त जागं करायचं. पेशी ४२ अंशांना थोडा वेळ ठेवल्या की सिग्मा-३२ नावाचा घटक वाढतो आणि ग्रोईएल, डीएनएके, क्लपबी यांची जनुकं एकदम चालू होतात. आयपीटीजी देण्याआधी कल्चरला वीसेक मिनिटं असा उष्णतेचा धक्का द्या, मग थंड करून २० अंशांना इंड्यूस करा. वॉटर बाथ कॉलेजात असतोच. मीडियात सुमारे ३ टक्के इथेनॉल घालूनही हीच यंत्रणा जागी होते. काही जण सॉर्बिटॉल आणि बीटेन घालतात. त्याने पेशीत घडी टिकवणारे छोटे रेणू साठतात, त्याचाही काही प्रथिनांना फायदा होतो.

प्लाझ्मिडाने मिळतात तितके शॅपरोन यातून मिळणार नाहीत. पण धक्का दिलेला आणि न दिलेला असे दोन फ्लास्क लावून मुलांनी जेलवर ६० आणि ७० च्या जागी बँड जाड झालेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर पेशी संकटात काय करते हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. प्रकल्प म्हणून एवढंही पुरेसं आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, विज्ञानाची आवड. प्रथिन स्वतःहून घडी घालतं असं आम्ही वाचलं होतं. मग त्याला मदतनीस कशाला? आणि हे कोणाच्या लक्षात आलं कसं?
— वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलेलं खरं आहे. क्रिस्टियन अनफिन्सेन यांनी रायबोन्युक्लिएझ या १२४ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची घडी पूर्ण मोडली, मग मोडणारी रसायनं काढून टाकली, आणि ते आपलं आपण पुन्हा मूळच्या आकारात येऊन काम करू लागलं. घडीची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हा त्याचा अर्थ. १९७२ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण तो प्रयोग परीक्षानळीतला, पातळ द्रावणातला. पेशीतल्या दाटीत घडी पूर्ण व्हायच्या आतच शेजारी येऊन चिकटतो. माहिती साखळीतच असते. साखळीला हवी असते ती सवड आणि एकांत.

शोध लागला तो भलतंच काही शोधताना. लॅम्डा नावाचा विषाणू ई. कोलायला संसर्ग करतो. काही उत्परिवर्तित जिवाणूंत मात्र तो वाढू शकत नाही, असं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आलं. कॉस्टा जॉर्जोपूलोस आणि इतरांनी त्याचा माग काढला. त्या जिवाणूंत विषाणूच्या डोक्याची प्रथिनं बनत होती, पण त्यांची जुळणीच होत नव्हती, नुसते गोळे होत होते. दोष विषाणूत नव्हता, यजमानाच्या एका जनुकात होता. ते जनुक ग्रोईएलचं. विषाणूसुद्धा स्वतःच्या डोक्याच्या जुळणीसाठी जिवाणूच्या मदतनिसावर विसंबलेला असतो! मला आजही हा जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर तर्कांपैकी एक वाटतो.

पुढे त्याची रचना कळली. सात घटकांचं एक कडं, त्यावर दुसरं, सगळं मिळून सुमारे ८०० किलोडाल्टन. आत पोकळी, आणि वर ग्रोईएस नावाचं सात घटकांचं झाकण. अर्धवट घडीची साखळी आत जाते, झाकण बसतं, एटीपी खर्च होतो, आणि काही सेकंद ती साखळी एकटी असते. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यांना मज्जाव असतो, तसा तिथे दुसऱ्या साखळीला प्रवेश नाही. घडी झाली तर प्रथिन बाहेर येऊन कामाला लागतं, नाही झाली तर पुन्हा आत. ई. कोलायच्या हजारो प्रथिनांपैकी ग्रोईएलवाचून ज्यांचं मुळीच भागत नाही अशी साधारण ८५ निघाली.

परक्या प्रथिनासाठी हे मुद्दाम वापरायची वाट १९८९ मध्ये स्पष्ट झाली. पियर गोलुबिनॉफ, अँथनी गेटनबी आणि जॉर्ज लॉरिमर यांनी रुबिस्को हे एन्झाइम ई. कोलायमध्ये बनवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधणारं हे एन्झाइम, पृथ्वीवरचं बहुधा सगळ्यात मुबलक. त्यांनी जिवाणूंकडचं रुबिस्को घेतलं होतं. सोबत ग्रोईएल आणि ग्रोईएस जास्त बनवले तेव्हा जुळलेलं, काम करणारं रुबिस्को कितीतरी अधिक मिळालं. तुमच्या साताऱ्याच्या रानातल्या झाडाझुडपांच्या पानातल्या रुबिस्कोला मात्र ई. कोलायने त्यानंतरही बरीच वर्षं दाद दिली नाही. २०१७ साली जर्मनीत मार्टिन्सरीडच्या माक्स प्लांक संस्थेत मनाजित हायर-हार्टल यांच्या गटाने ते साधलं, आणि त्यासाठी हरितलवकातले पाच वेगवेगळे मदतनीस एकाच वेळी ई. कोलायमध्ये बनवावे लागले. त्यातल्या बहुतेकांना वगळून काम होत नव्हतं. काही प्रथिनांना कोणताही मदतनीस चालतो, काहींना आपल्या घरचेच लागतात. कोल्हापूरच्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या प्रश्नामागेही हेच आहे.

प्रश्न : पुण्याजवळच्या एका कंपनीत प्रथिन-शुद्धीकरण विभागात आहे. ७८ किलोडाल्टनचं प्रथिन पेलेटमध्ये जात होतं. पीजी-केजेई-८ हे त्याच संचातलं शॅपरोन-प्लाझ्मिड लावल्यावर जवळजवळ सगळं सुपरनॅटंटमध्ये आलं. पण निकेल कॉलमनंतर ७० आणि ६० ला दोन ठसठशीत बँड सोबत येतात, आणि अ‍ॅक्टिव्हिटी जवळपास शून्य. वरिष्ठ म्हणतात, विद्राव्य झालं ना, आता कॉलम सुधारा. कॉलमचाच प्रश्न आहे का?
— वाचक, चाकण

उत्तर : नाही. ते दोन बँड कचरा म्हणून बघू नका, ते साक्षीदार आहेत. ७० चा डीएनएके, ६० चा ग्रोईएल, आणि दोघांनाही हिस-टॅग नाही. तरी ते कॉलमवर अडकले, याचा अर्थ ते तुमच्या प्रथिनाला धरून बसलेत. घडी पूर्ण झालेल्या प्रथिनाला शॅपरोन धरून ठेवत नाही. तुमचं प्रथिन पाण्यात तरंगतंय ते शॅपरोनच्या खांद्यावर, घडी न बसताच. विरघळलं म्हणजे घडी बसली, हे समीकरण मनातून काढून टाका. या विषयात सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ त्या समीकरणापायी वाया जातो.

दोन गोष्टी तपासा. पहिली, प्रथिन कॉलमवर असतानाच एटीपी आणि मॅग्नेशियम असलेल्या बफरने धुवा. ५ मिलिमोलर एटीपी, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, थोडं पोटॅशियम क्लोराइड. थंड खोलीत घाईने नको, साध्या तापमानाला थोडा वेळ बफर कॉलमवरच राहू द्या. शॅपरोनची पकड एटीपीवर सुटते. ई. कोलायचीच घडी मोडलेली प्रथिनं त्या बफरमध्ये मिसळली तर सुटलेला शॅपरोन त्यांना धरतो आणि तुमच्या प्रथिनाकडे परत येत नाही. दुसरी, जेल फिल्ट्रेशन, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा कॉलम. २४ मिलिलिटरच्या सुपरडेक्स-२०० कॉलमवर ७८ किलोडाल्टनचं सुटं प्रथिन मधल्या भागात यायला हवं. सगळं जर आठव्या मिलिलिटरला, म्हणजे व्हॉइडमध्येच (सगळ्यात मोठे रेणू निघतात तिथेच) बाहेर पडत असेल, तर ते विरघळलेले गठ्ठेच आहेत. सेंट्रिफ्यूजच्या वेगाला ते खाली बसले नाहीत, एवढाच त्यांचा आणि पेलेटचा फरक. हा क्रोमॅटोग्राम वरिष्ठांना दाखवा. जेलच्या फोटोपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

मग उपाय. तुमच्या प्लाझ्मिडावर दोन संच आहेत आणि दोघांच्या चाव्या वेगळ्या: डीएनएके-डीएनएजे-जीआरपीई अ‍ॅराबिनोजवर, ग्रोईएल-ग्रोईएस टेट्रासायक्लिनवर. टेट्रासायक्लिन मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमच लागतं. मायक्रोग्रॅम घातलं तर पेशीच मरतील. दोन्ही संच एकदम न लावता एकेक लावून बघा. तुमचं प्रथिन मोठं आहे, ग्रोईएलच्या पोकळीत साधारण ६० किलोडाल्टनपर्यंतच मावतं. म्हणून ग्रोईएल निरुपयोगीच असंही नाही. यीस्टचं ८२ किलोडाल्टनचं अ‍ॅकोनिटेझ झाकणाखाली मावत नसूनही ग्रोईएलच्या मदतीने घडी पूर्ण करतं, हे तपन चौधुरी आणि आर्थर हॉर्विच यांच्या कामातून २००१ साली दिसलं. चौधुरींनी पुढे दिल्लीच्या आयआयटीत या विषयावर बरंच काम केलं. पण मोठ्या प्रथिनासाठी मी आधी डीएनएकेचा संच लावेन, आणि तोही बेताने. डीएनएके अति झाला तर धरलेली साखळी प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटीएझच्या हवाली होते आणि एकूण उत्पादनच घटतं.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे वेळ. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २००७ साली एक दोन टप्प्यांची पद्धत मांडली. आधी प्रथिन आणि शॅपरोन सोबत बनू द्यायचे, मग आयपीटीजी धुऊन काढून नवीन प्रथिन बनणंच थांबवायचं आणि पेशी तशाच काही तास ठेवायच्या. नवीन साखळ्यांचा लोंढा थांबला की शॅपरोन जुन्या अडकलेल्या साखळ्यांकडे वळतात. त्यांनी तपासलेल्या ६४ प्रथिनांपैकी सुमारे ७० टक्क्यांची विद्राव्यता या मार्गाने वाढली. ३० टक्क्यांची वाढली नाही, हेही वरिष्ठांच्या कानावर घाला. कंपनीत रात्री हार्वेस्ट करायची घाई असते, पण इथे ते काही तासच कामाचे आहेत.

आणि पुढच्या अहवालात विद्राव्य प्रथिनाचा टक्का हा रकाना दुसरा ठेवा. पहिला रकाना एका मिलिग्रॅम प्रथिनामागे किती अ‍ॅक्टिव्हिटी, हा असू द्या. शॅपरोन घातल्यावर विद्राव्य प्रथिन दुप्पट झालं आणि मिलिग्रॅममागची अ‍ॅक्टिव्हिटी निम्मी झाली, तर तुमच्या हाती काहीच वाढलेलं नाही.

प्रश्न : प्रतिपिंडाचा छोटा तुकडा, एससीएफव्ही, ई. कोलायमध्ये बनवायचा आहे. त्यात दोन डायसल्फाइड बंध आहेत. पी-ग्रो-७ चालेल का?
— संशोधन सहायक, पणजी

उत्तर : एकट्या पी-ग्रो-७ वर भिस्त ठेवू नका. ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) डायसल्फाइड बंध टिकत नाहीत, तिथलं रसायनच ते मोडणारं आहे. घडीला कितीही सवड दिली तरी बंध जुळणार नाहीत. दोन वाटा आहेत. एक, पुढे सिग्नल पेप्टाइड जोडून तुकडा पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन पडद्यांमधल्या जागेत) पाठवा, जिथे बंध जोडणारी डीएसबी प्रथिनं आहेत. तिथे एससीएफव्हीला खरा उपयोग होतो तो एसकेपी या पेरिप्लाझमच्या शॅपरोनचा, तो सोबत बनवा. दुसरी, शफल स्ट्रेन. हिच्या सायटोप्लाझममध्ये बंध मोडणारे दोन मार्ग बंद केलेले आहेत आणि चुकीचे बंध दुरुस्त करणारं डीएसबीसी आत आणून ठेवलेलं आहे. शफलमध्ये उत्पादन कमी येतं, वाढही मंद असते, पण सुरुवात मी तिथूनच करेन, कारण त्यात क्लोनमध्ये फारसा बदल करावा लागत नाही. तुकडा अँटिजेनला बांधतो का हे पहिल्याच छोट्या कल्चरच्या लायसेटवर एलायझा लावून बघा, शुद्धीकरण नंतर.